परदेशी तळांवरचा सरप्लस आणि घातक कचरा : डीएलए डिस्पोझिशन सर्व्हिसेसचे परीक्षण

अमेरिकी सैन्याच्या परदेशातील मोठ्या तळांवर, राहण्याच्या वस्तीपासून जरा दूर, जाळीच्या कुंपणातले एक यार्ड असते. नादुरुस्त जनरेटर, टायर, तंबूंचे सांगाडे, जुने संगणक, एअर कंडिशनर, वापरलेल्या तेलाचे ड्रम आणि बॅटऱ्यांचे पॅलेट अखेर तेथे पोहोचतात. हे यार्ड चालवते ती अमेरिकी संरक्षण खात्याच्या डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सीची (डीएलए) ‘डिस्पोझिशन सर्व्हिसेस’ ही शाखा. १९७२ साली ती ‘डिफेन्स प्रॉपर्टी डिस्पोजल सर्व्हिस’ म्हणून सुरू झाली, १९८५ मध्ये तिचे नाव ‘डिफेन्स रियुटिलायझेशन अँड मार्केटिंग सर्व्हिस’ झाले आणि २०१० पासून ती सध्याच्या नावाने ओळखली जाते. तरीही तळांवरचे जुने लोक यार्डाला मधल्या नावावरून अजून ‘डीआरएमओ’ असेच म्हणतात. मुख्यालय मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे, एके काळी डॉक्टर केलॉग यांचे आरोग्यधाम ज्या इमारतीत होते तेथे आहे. कॉर्नफ्लेक्सच्या गावातून जगभरच्या चिलखती गाड्यांच्या भंगाराचा हिशेब चालावा, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

मी या सेवेचा अनुभव घेतला तो माल जमा करणाऱ्याच्या बाजूने. कुवेतमधील कॅम्प अरिफजान येथे एका कंत्राटदार कंपनीच्या स्टोअरमध्ये मी नोकरी केली आणि स्टोअरमधून निघणारा जुना माल व घातक कचरा कागदपत्रांसह यार्डापर्यंत नेऊन देणे हा त्या नोकरीचा भाग होता. कोकणातून आणि गोव्यातून कुवेतला गेलेल्या माणसांची संख्या मोठी आहे आणि त्यांतले कितीतरी जण अशा तळांवर स्टोअर, गॅरेज, किचन किंवा वाहतुकीच्या कामात राहिलेले आहेत. त्यामुळे हा विषय वाटतो तितका परका नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. वस्तूचा माग ठेवण्यात ही सेवा उत्तम आहे. घातक कचऱ्याच्या बाबतीत मात्र तिचा दर्जा पैसे कोण भरणार यावर ठरतो, आणि तळाखालच्या जमिनीचे काय होणार हे बहुतांशी यजमान देश किती खंबीर आहे त्यावर अवलंबून असते.

आधी वस्तूंबद्दल. तळावरची कोणतीही युनिट आपल्याकडचा नको असलेला माल यार्डात देते तेव्हा ‘डीडी १३४८-१ए’ हा फॉर्म भरावा लागतो. त्यावर वस्तूचा तेरा आकडी राष्ट्रीय साठा क्रमांक, नग, देणाऱ्या युनिटचा कोड, वस्तूच्या अवस्थेचा कोड आणि ‘डेमिल’ (डीमिलिटरायझेशन, म्हणजे लष्करी उपयोग संपवणे) कोड असतो. क्रमांकाच्या पहिल्या चार आकड्यांवरून मालाची जात कळते. ६१३५ दिसले की एकदा वापरून टाकायची बॅटरी, ६१४० म्हणजे पुन्हा चार्ज होणारी. अवस्थेच्या कोडात ‘ए’ म्हणजे जशीच्या तशी वापरता येणारी वस्तू, ‘एच’ म्हणजे बाद आणि ‘एस’ म्हणजे निव्वळ भंगार. डेमिल कोड सगळ्यांत महत्त्वाचा. ‘ए’ असेल तर वस्तूची लष्करी ओळख पुसण्याची गरज नसते; ‘डी’ असेल तर ती पुन्हा जोडता येणार नाही इतकी तोडावी लागते; ‘क्यू’ असेल तर निर्यात नियंत्रणाच्या दृष्टीने ती संवेदनशील मानली जाते.

हा फॉर्म नीट भरलेला नसेल तर माल गेटवरूनच परत येतो. सुरुवातीला ही अडवणूक वाटते. उन्हात ट्रक उभा, फोर्कलिफ्टवाला खोळंबलेला आणि एका खुर्चीच्या पॅलेटवर नगांचा आकडा जुळत नाही म्हणून सगळे थांबलेले, हे दृश्य तेथे नवे नाही. पण ज्यांनी सरकारी गोदामात ‘अंदाजे’ हा शब्द रजिस्टरमध्ये लिहिलेला पाहिला आहे, त्यांना या काटेकोरपणाची किंमत समजेल. माल एकदा स्वीकारला गेला की युनिटच्या खात्यावरून तो उतरतो, सहीची प्रत हातात पडते आणि नंतर कोणी विचारले तर दाखवायला काहीतरी असते. पुढे तो माल संगणकाच्या यादीवर चढतो. त्याची साधारण ४२ दिवसांची पाहणी होते. त्यांतले पहिले दिवस फक्त सैन्यदलांसाठी राखलेले असतात. त्यानंतर इतर केंद्रीय खाती, राज्ये आणि पात्र संस्थांना मागणी करता येते आणि कोणालाच नको असेल तो माल विक्रीला जातो. एका युनिटने टाकलेले वॉशिंग मशीन दुसऱ्या युनिटने उचलून नेले, असे अरिफजानला सर्रास घडत असे. वस्तू जमा करण्यासाठी युनिटला पैसे पडत नाहीत, ही या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, कारण त्यामुळे माल लपवण्याचे कारणच उरत नाही.

या व्यवस्थेला भोके पडलेली आहेत आणि ती जगजाहीर आहेत. २००६ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या, म्हणजे जीएओच्या, वेषांतर केलेल्या अधिकाऱ्यांनी या सेवेकडून चिलखती जाकिटात घालायच्या सिरॅमिक पाट्यांसह विक्रीस बंदी असलेला संवेदनशील माल मिळवून दाखवला. त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने एफ-१४ विमाने निवृत्त केली. ही विमाने वापरणारा दुसरा देश फक्त इराण होता आणि सुट्या भागांसाठी तो आसुसलेला होता, म्हणून जानेवारी २००७ मध्ये या भागांची विक्री थांबवण्यात आली. एवढे होऊनही २०१७ मध्ये जीएओने एक अस्तित्वातच नसलेली पोलीस यंत्रणा कागदावर उभी केली आणि तिच्या नावाने रात्रदृष्टीच्या चष्म्यांसह शंभराहून अधिक वस्तू, सुमारे १२ लाख डॉलर किमतीच्या, उचलल्या. खुर्चीच्या नगांवरून ट्रक थांबवणारी यंत्रणा मागणी करणाऱ्याचे अस्तित्वच तपासत नव्हती. माल आत येताना जितकी चौकशी होते तितकी बाहेर जाताना होत नव्हती, असा याचा सरळ अर्थ आहे.

परदेशी मोहिमेत या सेवेची खरी परीक्षा होते ती सैन्य परत निघते तेव्हा. ४२ दिवसांची निवांत पाहणी, यादी, मागणी हे सारे शांततेच्या वेळचे आहे. अफगाणिस्तानातून फौजा कमी होऊ लागल्या तेव्हा बगराम, कंदाहार आणि कॅम्प लेदरनेक येथील यार्डांवर इतका माल येऊन पडला की तो कापून टाकणे हाच मुख्य उद्योग झाला. वॉशिंग्टन पोस्टने जून २०१३ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार तोपर्यंत १७ कोटी पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ७७ हजार टन, वाहने व सामान नष्ट करून भंगारात काढण्यात आले होते. सुरुंगांपासून वाचण्यासाठी बांधलेल्या एमआरएपी गाड्याही त्यात होत्या. त्या घरी नेण्याचा खर्च परवडत नव्हता आणि अफगाण सैन्याला त्या सांभाळता येणार नाहीत, असा हिशेब मांडला गेला.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण इटालियन बनावटीच्या जी-२२२ वाहतूक विमानांचे आहे. अफगाण हवाई दलासाठी घेतलेली अशी वीस विमाने सुट्या भागांअभावी आणि देखभालीअभावी जमिनीवरच राहिली. त्या कार्यक्रमाचा खर्च ४८ कोटी ६० लाख डॉलर असल्याचे अफगाणिस्तान पुनर्बांधणीच्या विशेष महानिरीक्षकांनी, म्हणजे सिगारने, नोंदवले. २०१४ मध्ये काबूल विमानतळावरची सोळा विमाने डिस्पोझिशन सेवेने कापली आणि पौंडाला ६ सेंट या दराने भंगार विकले. हाती आले ते सुमारे ३२ हजार डॉलर. सेवेच्या दृष्टीने पाहिले तर काम चोख झाले. धातू मोजला, विकला, पावती फाडली. खरेदीचा निर्णय तिचा नव्हता, हेही खरे. तरीही ही पावती हातात घेतल्यावर कोणालाही एक प्रश्न पडेल की एवढी महागडी वस्तू यार्डाच्या दाराशी येईपर्यंत मधल्या कोणत्याच टेबलावर कोणी तिला अडवले कसे नाही.

२०२१ मध्ये घाई याहून वाढली. परतीच्या त्या महिन्यांत अमेरिकी सेंट्रल कमांड दर आठवड्याला आकडे जाहीर करीत असे आणि जुलैपर्यंत १७ हजारांहून अधिक वस्तू विल्हेवाटीसाठी या यंत्रणेकडे सोपवल्याचे त्यात नमूद होते. बगरामच्या आसपासच्या भंगार व्यापाऱ्यांची तक्रार त्या वेळी वृत्तसंस्थांनी जगापुढे आणली : जनरेटरपासून तंबूपर्यंत, उपयोगी पडले असते असेही सामान तुकडे करूनच बाहेर येत होते. शस्त्रांशी संबंधित किंवा संवेदनशील माल तोडण्यामागचे कारण पटते. पण ज्याचा डेमिल कोड ‘ए’ आहे, म्हणजे नियमानेच ज्याला तोडण्याची गरज नाही, अशी वस्तू वेळ नाही म्हणून तोडली जाते तेव्हा तो सुरक्षेचा प्रश्न राहत नाही, सोयीचा होतो. ‘फॉरेन एक्सेस पर्सनल प्रॉपर्टी’ या नावाखाली असा माल यजमान सरकारला जसाच्या तसा देण्याची कायदेशीर वाट आहे आणि इराकमधून बाहेर पडताना तळांबरोबर पुष्कळ सामान त्या वाटेने दिलेही गेले. अफगाणिस्तानात ती वाट होती, पण शेवटच्या दिवसांत कात्री अधिक जवळ होती.

या बाबतीत आपल्याकडेही एक जुना धागा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्य भारतातून गेले तेव्हा मागे राहिलेल्या विमानांच्या विल्हेवाटीचे काम मुंबईच्या टाटा समूहातील टाटा एअरक्राफ्ट या कंपनीकडे होते. बंगालमधल्या पानागढ येथे पडलेले विमानांचे भंगार घेण्याचा १० लाख रुपयांचा करार १९४६ मध्ये श्री हनुमान कॉटन मिल्सने या कंपनीशी केला, अडीच लाख रुपये बयाणा भरला आणि उरलेली रक्कम भरली नाही. बयाणा जप्त झाला. ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये जप्ती योग्य ठरली. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल बयाण्यासाठी वाचतात. मला त्यात दिसते ती विल्हेवाटीची जुनी पद्धत : माल आहे तेथे आहे त्या अवस्थेत विकायचा आणि पुढचे घेणाऱ्याने पाहून घ्यायचे. आपल्या जुन्या बाजारांत ‘डिस्पोजलचा माल’ हे शब्द रुळले ते त्याच काळात. आजच्या सेवेने या पद्धतीला शिस्त लावली आहे, हे मान्य करायला हवे.

आता घातक कचऱ्याकडे वळतो, कारण माझ्या मते या सेवेचे मूल्यमापन येथेच व्हायला हवे.

तळावर घातक कचरा म्हणजे काही गूढ रसायने नव्हेत. वापरलेले इंजिन ऑइल, कूलंट, रंग, थिनर, डिग्रीझर, एरोसोलचे डबे, शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, रेडिओंच्या लिथियम बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि इंधनाने भिजलेली वाळू, एवढ्यात बहुतेक सारे आले. गॅरेजच्या मागे ठरलेल्या जागी ५५ गॅलनचा, म्हणजे साधारण २०८ लिटरचा, ड्रम ठेवलेला असतो. द्रवासाठी बंद तोंडाचा ‘१ए१’ आणि घन कचऱ्यासाठी झाकण निघणारा ‘१ए२’. हे शिक्के ड्रमवरच असतात. ड्रमवर कचऱ्याचे नाव, धोक्याचे चिन्ह आणि तारीख असलेले लेबल लावायचे, द्रवाचा ड्रम वरून चार बोटे रिकामा ठेवायचा आणि बूच प्रत्येक वेळी घट्ट लावायचे. कुवेतच्या जुलैत पूर्ण भरलेला ड्रम पाहायला मिळाला तर त्याचे झाकण फुगून वर आलेले दिसते. यार्डातला तपासनीस पहिल्यांदा तेच पाहतो. मग तो बूच उघडून लांब काचेची नळी तळापर्यंत घालतो, वरच्या टोकाला अंगठा दाबून ती बाहेर काढतो आणि उजेडात धरतो. काळ्या तेलाखाली हिरवट थर दिसला की समजायचे, तेलात कूलंट ओतलेले आहे. एवढ्याने तो ड्रम ‘वापरलेले तेल’ राहत नाही. त्याचे वर्गीकरण बदलते, नमुना प्रयोगशाळेत जातो, कागद नव्याने होतात आणि खर्च वाढतो.

बॅटऱ्यांचेही असेच आहे. ‘बीए-५५९०’ ही रेडिओची लिथियम बॅटरी संपली असे वाटले तरी तिच्यात जोर शिल्लक असतो. म्हणून तिच्यावर एक आतली कळ दिलेली असते. ती दाबली की उरलेला विद्युतभार हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांनंतरच ती जमा करायची असते. प्रत्येक बॅटरीची टोके झाकायची, ती वेगळ्या पिशवीत घालायची, मग खोक्यात. ज्यांना हे करून घ्यावे लागते त्यांना ठाऊक आहे की सैनिकांकडून आलेल्या खोक्यातल्या बहुतेक बॅटऱ्यांची कळ कोणी दाबलेलीच नसते. हे काम शेवटी स्टोअरमधल्या पोरांच्या, म्हणजे आपल्याकडून किंवा नेपाळहून आलेल्या माणसांच्या, वाट्याला येते.

येथपर्यंत यार्डाच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तपासनीस नळी घालून पाहतो ते त्याचे कामच आहे. अडचण पुढे आहे. साधा माल जमा करायला पैसे लागत नाहीत, पण घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च तो निर्माण करणाऱ्या युनिटच्या निधीतून जातो आणि तसा निधी-संकेत, म्हणजे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे ते सांगणारा कोड, कागदावर द्यावा लागतो. तत्त्व योग्य आहे. तळोजा किंवा रांजणगाव येथील सामायिक केंद्राकडे कचरा पाठवणाऱ्या आपल्या कारखानदारांनाही पैसे भरावेच लागतात. पण शांततेच्या काळात कारखान्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नजर असते. मोहिमेवरच्या तळावर तशी नजर नसते आणि युनिट काही महिन्यांनी बदलते. नवी युनिट येते तेव्हा मागच्यांनी ठेवलेले लेबल नसलेले ड्रम तिच्या गळ्यात पडतात. मी ज्या कंत्राटदाराकडे होतो तेथेही अशा बेवारस ड्रमांबद्दल ‘तूर्त मागे सरकवून ठेवा’ हा आदेश ऐकायची सवय झाली होती. सेवा दारात आलेल्या कचऱ्याला उत्तर देते. दारात न आलेल्या कचऱ्याचा शोध घेणे तिच्या कामात बसत नाही.

एक सोय मात्र आवर्जून सांगावीशी वाटते, कारण फार थोडे लोक तिचा लाभ घेतात. मुदत संपलेले प्रत्येक रसायन कचरा नसते. साठ्यातल्या मालाचे दोन प्रकार असतात. पहिल्याची मुदत वाढवता येत नाही, दुसऱ्याची तपासणीनंतर वाढवता येते. न उघडलेला रंग किंवा वंगण दुसऱ्या प्रकारात असेल तर ते कचऱ्यात न काढता वापरण्याजोगा माल म्हणून यादीवर चढवता येते आणि युनिटचा विल्हेवाटीचा खर्च वाचतो. यार्डातले जाणकार हे विचारले तर सांगतात. आपण होऊन सांगतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

शिवाय काही गोष्टी हे यार्ड घेतच नाही. दारूगोळा नाही, किरणोत्सारी पदार्थ नाहीत, रुग्णालयाचा जैविक कचरा नाही आणि रोजचा घरगुती कचराही नाही. दारूगोळ्याबद्दलची ही ताठर भूमिका महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगाव भांडाराजवळच्या मैदानात निकामी करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण मरण पावले. त्यांत कंत्राटी मजूर होते. अशा मालाला वेगळी माणसे, वेगळी जागा आणि वेगळे प्रशिक्षण लागते.

पण रोजचा कचरा न घेण्याचे परिणाम इराक आणि अफगाणिस्तानात वेगळ्याच रीतीने दिसले. यार्ड घेत नाही, पालिका नाही, कचरा वाहून नेणे धोक्याचे, म्हणून खड्डा खणून सारे जाळायचे. इराकमधील बलाद येथील खड्डा सुमारे १० एकरांचा होता आणि ऐन भरात तेथे रोज १०० ते २०० टन कचरा जळत असे. पेटता राहावा म्हणून त्यावर जेपी-८ हे विमानाचे इंधन टाकले जाई. एकदा खड्डा पेटता असला की त्यात प्लॅस्टिक, रंगाचे डबे, बॅटऱ्या आणि टायरही जातात. ड्रमवर लेबल लावून, निधी-संकेत मिळवून, यार्डाच्या गेटवर उभे राहण्यापेक्षा ते केव्हाही सोपे. म्हणून मी खड्ड्यांना या सेवेपासून वेगळे काढू शकत नाही. ते तिने खणले नाहीत, हे खरे. पण तिचे दार जेथे अवघड झाले तेथे खड्ड्याचे तोंड मोठे झाले. भट्ट्या बसवण्याचा उपायही नीट झाला नाही. सिगारच्या २०१५ च्या अहवालानुसार अफगाणिस्तानातील नऊ तळांवर किमान ८ कोटी १९ लाख डॉलर खर्चून तेवीस भट्ट्या उभारल्या गेल्या आणि त्यांतल्या आठ, ज्यांची किंमत किमान २ कोटी १ लाख डॉलर होती, कधीच वापरल्या गेल्या नाहीत.

यजमान देशाच्या बाबतीत नियमांची चौकट कागदावर भक्कम आहे. परदेशातल्या कायमच्या तळांसाठी संरक्षण खात्याचा एक मूलभूत पर्यावरण मार्गदर्शक दस्तऐवज आहे आणि त्यावरून प्रत्येक देशासाठी ‘फायनल गव्हर्निंग स्टँडर्ड्‌स’ तयार केली जातात, ज्यांत त्या देशाचा कायदा अधिक कडक असेल तेथे सामान्यतः तो धरला जातो. जपान, जर्मनी, कोरिया येथे हे चालते. युद्धमोहिमेतल्या तात्पुरत्या तळांना ही चौकट जशीच्या तशी लागू होत नाही आणि ‘तात्पुरता’ तळ वीस वर्षे टिकू शकतो, हे बगरामने दाखवले आहे.

त्यातही घातक कचरा देशाबाहेर काढणे सोपे नाही. घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय ने-आणीवरील १९८९ च्या बासेल करारावर अमेरिकेने सही केली, पण तो मंजूर केला नाही. त्यामुळे करारातील देशांशी अशा कचऱ्याची ने-आण करताना वेगळे करारमदार लागतात. २००० साली जपानमधल्या अमेरिकी तळांवरचा पीसीबीयुक्त (पीसीबी हे जुन्या विद्युत उपकरणांतले विषारी रसायन) कचरा सागामी डेपोतून निघाला. जहाज कॅनडात व्हँकूव्हरला गेले, तेथे तो उतरवू दिला नाही. मग सिॲटलला गेले, तेथेही नाही, कारण अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यानेच परदेशातून पीसीबी आणण्यास मनाई आहे. कंटेनर पुन्हा योकोहामाला आले आणि जपानी जनतेच्या संतापामुळे अखेर प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर नेऊन ठेवावे लागले. ज्या देशाचा कचरा त्याच देशाच्या दारातून तो परत पाठवला गेला, याहून या सेवेच्या कायदेशीर कोंडीचे नेमके चित्र मिळणार नाही.

याउलट कुवेतचे पाहा. जुलै १९९१ मध्ये कॅम्प दोहा येथे दारूगोळ्याची मोठी आग लागली आणि दारूगोळ्यातल्या ‘डिप्लीटेड’ युरेनियमचा अंश वाळूत मिसळला. २००८ मध्ये अशी सुमारे ६,७०० टन वाळू जहाजाने अमेरिकेला नेऊन, पुढे रेल्वेने आयडाहोतील विल्हेवाट केंद्रात टाकण्यात आली. म्हणजे मनात आणले तर वाळूसुद्धा परत नेता येते. फिलिपिन्समधील सुबिक आणि क्लार्क हे तळ १९९१-९२ मध्ये बंद झाले तेव्हा मात्र १९४७ च्या करारात साफसफाईचे कलमच नव्हते, म्हणून जबाबदारीही उरली नाही. व्हिएतनाममधील दा नांग विमानतळाची डायऑक्सिन या विषारी रसायनाने दूषित माती तापवून शुद्ध करण्याचे काम २०१२ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये संपले, म्हणजे युद्धानंतर चार दशके लोटल्यावर, तेही अमेरिकेला व्हिएतनामशी मैत्री हवीशी झाली तेव्हा. तेथल्याच बियन होआ विमानतळाचे काम त्यानंतर सुरू झाले. अफगाणिस्तानातल्या खड्ड्यांखालच्या मातीबद्दल आज बोलणारा कोणी नाही.

तेव्हा ज्या युनिटला किंवा कंत्राटदाराला साधा माल द्यायचा आहे, त्यांनी ही सेवा बिनधास्त वापरावी. कागद नीट असतील तर ती तक्रारीला जागा ठेवत नाही. घातक कचऱ्यासाठी ती वापरावी लागतेच, पण वर्गीकरण आपल्या जागेवरच, ड्रम भरण्याआधी, झाले पाहिजे. यार्ड ते काम करून देणार नाही. तळ सोडतानाच्या घाईत मात्र तिच्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवू नये. तेव्हा ती विल्हेवाटीची सेवा न राहता कातरकामाचे ठिकाण होते.

आपल्याकडून या कामावर जाणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक बाब राहिली. खड्ड्यांच्या धुराने आजारी पडलेल्या सैनिकांसाठी १० ऑगस्ट २०२२ रोजी ‘पॅक्ट’ कायदा झाला आणि वीसहून अधिक आजार लष्करी सेवेमुळे झाले असे गृहीत धरले जाऊ लागले. तो कायदा माजी सैनिकांसाठी आहे, ड्रम उचलणाऱ्या कंत्राटी कामगारासाठी नाही. कामगारासाठी आहे तो १९४१ चा ‘डिफेन्स बेस ॲक्ट’, आणि तो अमेरिकी लष्करी कंत्राटावरील परदेशी नागरिकांनाही लागू होतो. विमा उतरवणे हे कंत्राटदाराचे काम असते. म्हणून नेमणुकीच्या पत्राबरोबर विमा कंपनीचे नाव लेखी मागून घ्यावे, हाताळलेल्या रसायनांच्या सुरक्षा-पत्रकांच्या प्रती आणि आपली सही असलेल्या १३४८ च्या प्रती जपून ठेवाव्यात, आणि परत येण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद तेथेच सोडून येऊ नये. अपघाती इजेचा दावा साधारण एका वर्षात करावा लागतो. व्यवसायजन्य आजारासाठी ही मुदत, आजाराचा कामाशी असलेला संबंध कळल्यापासून, दोन वर्षांची आहे.